गड घेणं आणि गड राखणं

मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण नोएडातल्या आमच्या वसाहतीत सकाळी चार माजी अधिकारी बागेत जमले की राजकारणाआधी गुडघ्यांचा विषय निघतो. पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढण्याउतरण्यात आयुष्य गेलेली ही मंडळी. हल्ली त्यांना फोन येतात, ‘स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, गादी पुन्हा उगवेल.’ रक्कम लाखांत सांगतात. म्हणून मी हा विषय नीट वाचून काढला.

ही गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरची काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा. कातडी कापली तर रक्त येतं, आणि रक्ताबरोबर डागडुजीचं सामानही येतं. कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत, त्यामुळे तिथे रसद पोहोचत नाही. बिघडलेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७४३ सालीच नोंदवलं होतं.

१९९४ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी २३ रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि गुडघ्यातल्या खड्ड्यात परत भरायच्या. पण त्यासाठी चांगल्या कूर्चेचा तुकडा काढावा लागतो, आणि सगळा गुडघाच झिजला असेल तर हा उपाय चालत नाही. म्हणून शास्त्रज्ञ अस्थिमज्जेतल्या मूलपेशींकडे, म्हणजे स्टेम सेलकडे वळले. योग्य द्रव्यं दिली की त्या कूर्चा तयार करतात. म्हणजे गड घेता येतो. अडचण आहे ती राखण्याची.

गर्भात आपल्या हातापायांची हाडं आधी कूर्चेचीच असतात. पुढे त्या पेशी फुगतात, भोवती कॅल्शियम साचतं आणि तिथे हाड तयार होतं. ही झाली तात्पुरती कूर्चा. सांध्यावरची मात्र जन्मभर कूर्चाच राहते. मूलपेशींपासून वाढवलेली कूर्चा बहुधा पहिल्या वाटेनं जाते, हाडाच्या दिशेनं. गुडघ्यात ते नको असतं.

यावर काम आपल्या दिल्लीतच झालं आहे. हौज खासच्या आयआयटीत प्रा. सौरभ घोष यांचा गट वस्त्रतंत्रज्ञान विभागातला. कापडाचा आणि गुडघ्याचा संबंध काय? रेशीम! रेशमातलं प्रथिन आणि जिलेटिन यांची त्यांनी ‘शाई’ केली, तीत मूलपेशी मिसळल्या आणि त्रिमितीय छपाई केली. आयआयटी कानपूरचे प्रा. अमिताभ बंद्योपाध्याय सोबत होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात पेशींचा हाडाकडचा कल कमी झालेला दिसला. पण हे सगळं प्रयोगशाळेत, माणसाच्या गुडघ्यात नव्हे.

बंद्योपाध्याय आणि डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली आणखी एक गोष्ट दाखवली. अंड्यातल्या कोंबडीच्या पिलाची हालचाल औषधानं थांबवली, तर हाड बनवायला सांगणारा रासायनिक संदेश सांध्याच्या त्या पट्ट्यातही शिरतो, जिथे तो यायला नको. म्हणजे घडणीच्या काळात हालचालच सांध्याचा पहारा करते. आपल्या म्हाताऱ्या गुडघ्यांना हे जसंच्या तसं लावू नये, पण नुसत्या पेशी सोडून भागत नाही, एवढं त्यातून कळतं.

आता फोनवरच्या त्या गादीचं बोलू. २०२२ साली बंगळूरच्या एका कंपनीच्या मूलपेशींच्या इंजेक्शनला गुडघ्याच्या संधिवातासाठी औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. म्हणजे सगळंच बोगस नाही. पण परवानगी त्या विशिष्ट औषधाला आहे, ‘स्टेम सेल’ या शब्दाला नाही. शिवाय वेदना कमी होणं वेगळं आणि नवी, टिकाऊ कूर्चा येणं वेगळं.

म्हणून होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा. या औषधाला परवानगी आहे का? नसेल, तर ही नोंदणीकृत चाचणी आहे का? चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. चाचणी म्हणायची आणि वर लाखांचं बिल द्यायचं, असं दिसलं तर सरळ उठून या. तिसरा प्रश्न, दोन वर्षांनंतरच्या एमआरआयमध्ये किती रुग्णांची कूर्चा टिकलेली दिसली? उत्तर म्हणून एखाद्या पेशंटचा नाचतानाचा व्हिडिओ दाखवला, तर पेन्शनचं पासबुक खिशातच राहू द्या.

संशोधन खरं आहे आणि आपल्या देशात चाललं आहे, याचा मला अभिमान आहे. ते पूर्ण होईपर्यंत वजन आटोक्यात ठेवा, मांड्यांचे स्नायू बळकट करा आणि चांगल्या अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्या.

जय हिंद.