मे महिना आणि आपले परस
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



परीक्षा संपल्या, सुटी लागली. आता जूनपर्यंत मुलांनी करायचे काय, हा प्रश्न दर वर्षी पालकांना पडतो. माझे उत्तर साधे आहे. घरामागच्या परसाकडे पाहा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात पुष्कळ घरांना परस आहे. परंतु कर्ता पुरुष मुंबईला किंवा आखातात, मुले अभ्यासात, आणि परस एकट्या आजीच्या अंगावर, अशी अनेक घरांची स्थिती आहे. तिचे हात थकले की तेथे रान माजते आणि भर पावसात भेंडीसुद्धा बाजारातून आणावी लागते.

कोकणात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सारा चार महिन्यांत. एकदा झड लागली की मातीचा चिखल होतो आणि कुदळ चालत नाही. म्हणून श्रावणात घरची भाजी मिळणार की नाही, हे मे महिन्यातच ठरते.

पहिले काम जमिनीचे. जागा वीतभर खोल खणावी आणि ढेकळे उन्हात तापू द्यावीत. मातीत दडलेले किडींचे कोष आणि तणांच्या मुळ्या उन्हाने मरतात. आपले वाडवडील हे करीतच होते. 1976 साली इस्रायलमधील शास्त्रज्ञ कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओली केलेली जमीन पारदर्शक प्लॅस्टिकखाली तापवून रोगजंतू मारता येतात, हे प्रयोगाने दाखविले. लहानशा वाफ्यावर हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. मात्र कागद चार ते सहा आठवडे राहिला पाहिजे आणि त्याच्या कडा मातीने बुजवल्या पाहिजेत. नंतर चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घालू नये. त्याने हुमणी आणि वाळवी येते. वाफे जमिनीपासून वीतभर उंच करावेत आणि बाजूने चर काढावेत, म्हणजे पावसाचे पाणी मुळांशी साचत नाही.

दुसरे काम बियाण्याचे. गेल्या वर्षीचे बी बाहेर काढा. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि फडके सुकू देऊ नका. आठ-दहा दिवसांत सात-आठ दाण्यांना मोड आले तर बी चांगले. चार-पाचच आले तर दाट पेरा. त्याहून कमी आले तर नवे बी मिळवा. कारली-पडवळाच्या बियांचे कवच कठीण असते. त्या पेरण्यापूर्वी रात्रभर भिजत घालाव्यात.

तिसरे काम लागवडीचे. सुरण, हळद आणि आले मेच्या अखेरीस लावून वर पातेऱ्याचे आच्छादन घालावे. वांगी-मिरचीचे बी याच सुमारास उंच वाफ्यात टाकावे. चार ते सहा आठवड्यांत रोपे लावण्याजोगी होतात. पडवळ, दोडका, काकडी यांची आळी तीन-चार फुटांवर आताच खणून भरून ठेवावीत आणि बी पहिल्या पावसाबरोबर टोकावे. मांडवाचे खांबही आताच पुरावेत. वेल वाढू लागल्यावर खड्डे खणले तर मुळे तुटतात.

सध्या परसात जी भाजी उभी आहे तिला पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, आणि फक्त मुळाशी द्यावे. विहिरी तळाला गेलेल्या असताना दुपारी पाणी घालणे म्हणजे ते उन्हाला पाजणे होय.

विद्यार्थी मित्रांनो, एक वही घाला. पेरल्याची तारीख, उगवल्याची तारीख, पहिल्या तोडणीची तारीख लिहा. लाल माठ सुमारे 25 ते 30 दिवसांत काढता येतो, भेंडी 45 ते 50 दिवसांत तोडणीस येते. तुमच्या परसात किती दिवस लागले? फरक पडला तर का पडला? शास्त्राच्या पुस्तकात निरीक्षण म्हणतात ते हेच.

त्या वहीत आणखी एक गोष्ट लिहा. आजी कोणते बी किती वर्षे धरते, कोणत्या वेलीचे पहिले फळ बियासाठी सोडते, राखेत बी का ठेवते, हे तिच्याजवळ बसून विचारा. दुकानातील संकरित वाणाचे बी धरून पुढच्या वर्षी तशीच भाजी मिळत नाही. आजीच्या बाटलीतले गावठी बी मात्र पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. ते एक वर्ष पेरायचे राहिले, दुसऱ्या वर्षी राहिले, की उगवत नाही आणि कोठे विकतही मिळत नाही. ती विद्या कोणी लिहून ठेवलेली नाही. विचारणारे कोणी नसेल तर ती तिच्याबरोबरच जाईल.

पालकांना एकच विनंती. मुलाने किंवा मुलीने कुदळ हाती घेतली तर "शिकून शेवटी मातीच उकरायची का?" असे म्हणू नका. याच जिल्ह्यात दापोलीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. माती हा तेथे पदवीचा विषय आहे. तुमचे मूल डॉक्टर होवो की शिक्षक होवो, घरच्या परसात चार वाफे पिकवता येणे त्याला कधीच कमीपणा आणणार नाही.

पाऊस कोणासाठी थांबत नाही. उद्या सकाळी कुदळ शोधा आणि बियांची बाटली कोठे आहे ते आजीला विचारा.