खिडकी उघडी, गल्ला बंद

3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या 4 नगरपरिषदा आणि आसपासच्या 53 ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. एवढी दप्तरं एका छपराखाली आली की कोणाच्या हातात काय द्यायचं, हाच पहिला पेच. संगणकात तो आणखी बिकट होतो.

समजा, प्रभाग कार्यालयातल्या लिपिकाला घरपट्टी भरून घ्यायची आहे. थकबाकीचं अख्खं टेबल बदलायची मुभा त्याला दिली, तर पावती न फाडताही बाकी शून्य करता येईल. म्हणून डेटाबेसमध्येच एक स्टोअर्ड प्रोसीजर लिहून ठेवतात: रक्कम घे, पावती क्रमांक टाक, बाकी वजा कर, कोणी केलं ते नोंदव. लिपिकाला टेबलावर कसलाच हक्क नाही. ही प्रोसीजर चालवण्याचा, म्हणजे ‘एक्झिक्यूट’चा, तेवढा द्यायचा. तिकीट खिडकीवर आपण पैसे देतो, तिकीट घेतो. गल्ल्यात हात घालत नाही, तसंच.

खरी मेख पुढे आहे. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत वेगळं काही लिहिलं नसेल तर प्रोसीजर चालवणाऱ्याच्या नव्हे, तिच्या ‘डिफायनर’च्या, म्हणजे ती ज्या खात्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्या, हक्काने चालते. घाईत तिथे ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचं नाव पडतं आणि प्रोसीजरमधली एखादी ढिसाळ ओळ सगळ्या डेटाबेसची किल्ली होऊन बसते. किंवा कंत्राटदाराच्या माणसाचं नाव पडतं. त्याचं काम संपतं, खातं काढलं जातं आणि सकाळी रांग लागलेली असताना पडद्यावर एरर 1449 उमटते: डिफायनर अस्तित्वात नाही! 8.0.22 या आवृत्तीपासून असं खातं काढताना सर्व्हर सहसा अडवतो. जुन्या आवृत्त्या मुकाट्याने काढू देत. माझ्या मते डिफायनर कोणी माणूस असूच नये. त्या कामापुरतेच हक्क असलेलं, लॉगिन बंद केलेलं वेगळं खातं करावं.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीची तऱ्हा न्यारी. तिथे फंक्शन मुळात चालवणाऱ्याच्याच हक्काने चालतं, पण नवं फंक्शन चालवायची परवानगी आपोआप सगळ्यांना मिळते. त्यात ‘सिक्युरिटी डिफायनर’, म्हणजे मालकाच्या हक्काने चालव, असं लिहिलं आणि ‘पब्लिक’चा, म्हणजे सगळ्यांचा, हक्क ‘रिव्होक’ करायचा, काढून घ्यायचा राहिला, तर गल्लाच उघडा!

तेव्हा पतपेढ्यांचे, शाळांचे, सोसायट्यांचे पदाधिकारी ऐकत असतील, तर त्यांना एक विनंती. पुढच्या बैठकीत आपल्या संगणकवाल्याकडून सगळ्या प्रोसीजर, त्यांचे डिफायनर आणि त्या चालवू शकणारे यांची यादी मागून घ्या. मायएसक्यूएल असेल तर ‘इन्फर्मेशन स्कीमा’तल्या ‘रूटीन्स’मध्ये प्रत्येक डिफायनरचं नाव लिहिलेलं असतं.