काकू, ही तुम्ही नाहीच!

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत किशोरी गट चालवणाऱ्या एका ताईंनी केलेले भाषण.)

तायांनो, कर्जफेडीचं झालं, बँकेचं झालं. आता दहा मिनिटं मला द्या.

माझी धाकटी नववीला आहे. दिवाळीनंतर शाळेत वर्गाचा फोटो होता, त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून ती घरी राहिली. मला खरंच वाटलं. पुढं अंथरूण झटकताना उशीखाली मलमाची ट्यूब सापडली. गोरं व्हायला आणलेली. गाल लाल का झालेत, पुटकुळ्या कशाच्या, ते तेव्हा कळलं. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे. थोडे दिवस चेहरा उजळ वाटतो, मग कातडी पातळ होते, आणि लावायचं सोडलं की आग होते. असली मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा २०१८ पासून नियम आहे. पण मागतो कोण चिठ्ठी? तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर आधी डॉक्टरला दाखवा.

मी काय केलं, तर मोबाईल काढून घेतला. पोर दोन दिवस नीट जेवली नाही. मग मोबाईल परत दिला आणि म्हटलं, दाखव तरी तू काय बघतेस. एकीमागून एक पोरी. सगळ्यांचे गाल सारखे, नाक सारखं, कंबर सारखी. मी विचारलं, या सगळ्या बहिणी आहेत का गं? ती हसली. म्हणाली, "आई, फिल्टर असतो तो."

म्हणजे तिला ठाऊक होतं! ठाऊक असून तिनं ट्यूब आणली. ते मला फार लागलं. नुसतं 'हे खोटं आहे' सांगून भागत नाही, हे मी तिथं शिकले.

म्हणून अंगणवाडीत किशोरी गटाच्या पोरींसमोर आधी माझाच फोटो काढायला लावला. साधा एक, फिल्टरचा एक. दोन्ही शेजारी ठेवून काय काय बदललं ते पोरींनी मोजलं. सुरकुत्या गेल्या, रंग उजळला, डोळे मोठे झाले. आणि कपाळावरचं गोंदण गेलं. माझ्या आईनं जत्रेत गोंदवून घेतलेलं! एक पोरगी म्हणाली, "काकू, ही तुम्ही नाहीच."

मग जाहिरातीकडं वळलो. म्हटलं, आपला गट सरस प्रदर्शनात स्टॉल लावतो तेव्हा फुटका पापड वर ठेवतो का? तसंच हे. हे कोण विकतंय, पैसा कुणाला मिळतो, तेवढं विचारायचं. 'फेअर अँड लव्हली' १९७५ पासून विकली जायची, २०२० मध्ये ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. पोरी म्हणाल्या, मग इतकी वर्षं नावातच काय सांगत होते? सावळ्या मुलीला लग्नात, नोकरीत कमी दाखवू नये, असा जाहिरातवाल्यांच्याच संस्थेचा २०१४ पासूनचा नियम आहे. रीलमध्ये पैसे घेऊन वस्तू दाखवली तर तसं लिहायचं, हा २०२१ चा. आता पोरी ते बारीक अक्षर शोधत बसतात. पैज लावतात.

हे सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मागून एक पोरगी म्हणाली, "काकू, मोबाईलचं कळलं. पण माझी आजीच म्हणते, उन्हात जाऊ नको, आधीच काळी आहेस."

मला उत्तर सुचलं नाही. कारण माझी पोर झाली तेव्हा मीच म्हटलं होतं, रंग बापावर गेला. हळदीकुंकवाला आपण दारातच सुरू करतो ना, किती वाळलीस, किती सुटलीस. पोरी बाजूलाच उभ्या असतात.

आमच्या गटात आता ठरवलंय, पोर समोर आली की रंगाचं, अंगाचं बोलायचं नाही. पहिले दोन महिने काय बोलावं तेच सुचेना बायांना, खरं सांगते. एक आजी अजून चुकते, मग स्वतःच जीभ चावते.

पोरांचंही आहेच. छाती फुगवायला डबे भरून पावडर खातात. त्यावर पुढच्या सभेत बोलू.

माझ्या पोरीचे गाल आता बरे आहेत. २६ जानेवारीच्या फोटोत ती उभी राहिली, पण मागच्या रांगेत, मैत्रिणीच्या आड. असू दे.

ज्यांच्या गावात किशोरी गट आहे त्यांनी जाताना ग्रामसंघाचं नाव लिहून द्या. एक मोबाईल आणि अंगणवाडीची किल्ली एवढंच लागतं. एसटीची वेळ बघून मी कळवते.