मध घालून मोतीबिंदू विरघळतो का?

मी मूळचा राणीसावरगावचा, तालुका गंगाखेड. आमच्या आजीनं दोन वर्षं डोळ्यात मध घातला. वर कुणीतरी आणून दिलेल्या ल्युटीनच्या गोळ्या. का, तर मोतीबिंदू विरघळेल म्हणून.

आता बघा, उकडलेलं अंडं परत पातळ होतं का? डोळ्याच्या भिंगातल्या प्रथिनांचं तसंच काहीसं होतं. अमेरिकेत चार हजारांवर लोकांमध्ये सुमारे ५ वर्षं ल्युटीन तपासलं. २०१३ साली निकाल आला: मोतीबिंदूची ऑपरेशनं एकूणात काही कमी झाली नाहीत. शेवग्याचा पाला, गाजर जरूर खा, रातांधळेपणा टाळायला 'अ' जीवनसत्त्व लागतंच. पण मोतीबिंदू त्यानं जात नाही. आणि मधानं डोळ्यात जंतू शिरायची भीती, ती वेगळीच.

"पिकू दे, मग बघू," हे आजीचं पालुपद. पूर्वी डॉक्टरही तसंच सांगायचे, तिचं तरी काय चुकलं? आता थांबावं लागत नाही. उलट फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. आजीचा उजवा डोळा तसाच गेला. डाव्याचं ऑपरेशन वेळेत झालं. पट्टी निघाली तशी माझ्याकडं बघून म्हणाली, "अरं, किती वाळलास रे!"