स्तनाचा कर्करोग: किती कापायचं?



स्तनातली गाठ कर्करोगाची आहे असं कळलं, की घरची मंडळी डॉक्टरांना म्हणतात, "सगळं मुळापासून काढून टाका." त्यामागे माया असते आणि धास्तीही. पण गाठ लहान असतानाच सापडली, तर जास्त कापल्यानं आयुष्य वाढत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढत. रोग पायरीपायरीनं बाहेर सरकतो, अशी त्यांची धारणा. पुढे बर्नार्ड फिशर यांनी मांडलं, की रोगाच्या पेशी रक्तातून आधीच निसटलेल्या असू शकतात. त्यांना गाठायला औषधच लागतं. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी 1973 ते 1980 या काळात 701 स्त्रियांवर तुलना केली. गाठ 2 सेंटीमीटरपर्यंतची. निम्म्यांचा स्तन काढला, निम्म्यांचा राखून किरणोपचार दिले. 20 वर्षांनी जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं.

मला जास्त कळकळ आहे ती काखेची. तिथल्या सगळ्या ग्रंथी काढल्या, की साधारण पाचांतल्या एकीचा हात सुजतो. बांगडी चढत नाही, ब्लाउजची बाही उसवावी लागते, भाकरी थापताना हात भरून येतो. ही सूज आयुष्यभर आवरत राहावी लागते. म्हणून आता निळा रंग टोचून पहिल्या काही ग्रंथी शोधतात आणि तेवढ्याच काढून तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या, तर बाकीच्या राहू देतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या 'साउंड' चाचणीत तर, लहान गाठ आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ असलेल्या स्त्रियांची तेवढीही शस्त्रक्रिया टाळली. 5 वर्षांत रोग शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण वाढलं नाही.

स्तन राखला, की सहसा किरणोपचार आले, आणि आपल्याकडची अडचण तिथेच आहे. शहरात राहायचं कुठे, मागे घर कोण बघणार, या विचारानं गावाकडची बाई स्तन काढायला तयार होते. तिला दोष कसा द्यायचा? पण पूर्वी पाच आठवडे चालणारा हा शेक आता बऱ्याच जणींना तीन आठवड्यांत, काहींना एका आठवड्यातही देता येतो, हे तिला कुणी सांगितलेलं असतं का?

गाठी अनेक असतील किंवा गाठ फार मोठी असेल, तर स्तन काढणंच योग्य ठरू शकतं. मात्र तो निर्णय होताना ती स्वतः खोलीत हवी, बाहेर बाकावर नको. तिनं विचारावं: माझा स्तन राखता येईल का? काखेतल्या किती ग्रंथी काढणार, आणि कशासाठी?