पशुवैद्यक पदवीसाठी दुसरा प्रयत्न : हजीऱ्याच्या विद्यार्थ्यांनी करावयाचा विचार

(भाषणाचा मजकूर)

गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी ही ग्रामीण कुटुंबाची चालती-बोलती ठेव होय. या ठेवीचे रक्षण करणारा जाणकार म्हणजे पशुवैद्यक. १८८६ साली मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हापासून मराठी मुलांना या विद्येची ओढ आहे. प्रवेशाच्या जागा मात्र मोजक्या आणि इच्छुक अनेक. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात प्रवेश न मिळालेला विद्यार्थी पुन्हा परीक्षेला बसावे की नाही, या विवंचनेत सापडतो.

तापीच्या मुखाजवळील हजीरा हे सुरत जिल्ह्यातील गाव १९८० च्या दशकापासून मोठ्या उद्योगांचे केंद्र बनले. खत, नैसर्गिक वायू, पोलाद अशा कारखान्यांमुळे तेथे आणि सुरत शहरात परप्रांतांतून अनेक कुटुंबे आली. त्यांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. अशा घरातील एखाद्या मुलीला पशुवैद्यक व्हावयाचे असेल, तर तिच्यापुढे काही प्रश्न महाराष्ट्रातील मुलांसारखेच, तर काही वेगळे उभे राहतात.

हा अभ्यासक्रम एका वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. त्याआधी एक वर्ष पुन्हा अभ्यासात घालवावयाचे, तर कमावते होणे तेवढे लांबते. पाळीवर काम करणाऱ्या कामगाराच्या घरात एका वर्षाचा खर्च ही लहान बाब नव्हे. म्हणून पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी आधीचा प्रयत्न कोठे अडला, याचा शोध घेणे अगत्याचे ठरते.

अडथळे मुख्यतः दोन ठिकाणी येतात. पहिले ठिकाण बारावीच्या अर्हतेचे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी या चार विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना यात सवलत आहे. येथे इंग्रजीचे गुणही बेरजेत धरले जातात, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. समजा, एका विद्यार्थ्याला भौतिकशास्त्रात ४४, रसायनशास्त्रात ४६, जीवशास्त्रात ५८ व इंग्रजीत ४६ गुण मिळाले. बेरीज १९४ होते. ४०० पैकी २०० हवेत, म्हणजे सहा गुण कमी पडले. शास्त्र विषयांच्या काळजीत इंग्रजीकडे केलेले दुर्लक्ष येथे महागात पडते. गुजरातमध्ये अकरावीला ‘अ’ गट घेतलेल्या मुलाचा प्रश्न याहून कठीण असतो, कारण त्या गटात जीवशास्त्र हा विषयच नसतो. तेव्हा गट निवडतानाच शिक्षकांनी मुलांना सावध करावे.

दुसरे ठिकाण ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणानुक्रमाचे. अर्हता पूर्ण असूनही क्रमांक खाली राहिला, तर जागा मिळत नाही. ही परीक्षा ७२० गुणांची असून त्यांतील निम्मे, म्हणजे ३६०, गुण जीवशास्त्राला आहेत. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांना प्रत्येकी १८०. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. अंदाजाने लिहिलेली ३० उत्तरे चुकली, तर कमावलेल्या गुणांतून ३० गुण जातात. प्रश्न सोडून दिल्यास वजाबाकी होत नाही.

या दोहोंपैकी दोष कोठे आहे, त्यावर उपाय ठरतो. बारावीची अट अपुरी राहिली असेल, तर आधी ती पूर्ण करावी. महाराष्ट्र राज्य मंडळात श्रेणीसुधार योजनेखाली उत्तीर्ण विद्यार्थ्यास पुन्हा परीक्षेला बसता येते. त्यासाठी सर्व विषय द्यावे लागतात आणि संधी मर्यादित असतात. गुजरात मंडळ व केंद्रीय मंडळ यांचे नियम निराळे आहेत. म्हणून हजीऱ्याच्या विद्यार्थ्याने आपल्याच मंडळाचे परिपत्रक मुख्याध्यापकांकडून समजून घ्यावे. बारावीची अट पूर्ण असेल, तर ती परीक्षा पुन्हा देण्यात वर्ष घालवू नये; सर्व शक्ती ‘नीट’वर खर्च करावी.

‘नीट’च्या प्रयत्नांच्या संख्येवर बंधन नाही. नवा प्रवेश नव्या वर्षाच्या गुणांवर होतो. जुन्या वर्षाचे कमी गुण त्यात आड येत नाहीत. अमेरिकेत मात्र निराळी रीत आहे. तेथे पशुवैद्यक प्रवेशापूर्वी महाविद्यालयात रसायनशास्त्र, जीवशास्त्र आदी विषय पूर्ण करावे लागतात. एखादा विषय पुन्हा घेतला, तरी सामाईक अर्जाच्या सरासरीत पहिल्या व दुसऱ्या अशा दोन्ही वेळचे गुण धरले जातात. त्यामानाने भारतीय विद्यार्थ्याची पाटी दर वर्षी कोरी होते. परंतु कोऱ्या पाटीवर जुन्याच चुका पुन्हा लिहिल्या, तर उपयोग काय?

हजीऱ्याच्या मराठी विद्यार्थ्याने आणखी दोन बाबी पाहाव्यात. पहिली भाषेची. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही असते, परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर दिली जाते. गुजरातमधील केंद्र निवडणाऱ्यास गुजराती, हिंदी वा इंग्रजी असा विचार करावा लागतो. अर्ज भरतानाच हे ठरवावे आणि त्याच भाषेत वर्षभर सराव ठेवावा. दुसरी बाब राज्याची. राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी अधिवास व शालेय शिक्षण कोणत्या राज्यात झाले, हे पाहिले जाते. आजोळ जळगावला वा धुळ्याला आहे, एवढ्यावर महाराष्ट्रातील जागेवर हक्क सांगता येत नाही. हजीऱ्याला जवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय नवसारीला असून ते २००८ मध्ये सुरू झाले. याशिवाय अखिल भारतीय वाट्याच्या १५ टक्के जागांसाठी देशातील पात्र विद्यार्थी ‘नीट’च्या गुणांवर अर्ज करू शकतात. दोन्ही मार्गांची माहितीपत्रके आधीच वाचून दाखले तयार ठेवावेत.

दुसऱ्या वर्षाचा आरंभ जुन्या उत्तरांच्या तपासणीने व्हावा. चुकलेल्या प्रश्नांपैकी किती न समजल्यामुळे चुकले, किती घाईमुळे आणि किती अंदाजामुळे, याची वहीत नोंद करावी. न समजलेला धडा मुळापासून शिकावा; घाई असेल, तर घड्याळ लावून सराव करावा. शिक्षकाने दर महिन्याला ती वही पाहावी. सहा महिन्यांनंतरही सुधारणा दिसत नसेल, तर दुग्ध तंत्रज्ञान, मत्स्यविज्ञान यांसारख्या जवळच्या विद्याशाखांचा विचार वेळीच करावा. त्यात कमीपणा नाही. त्याही गोपालकाच्या आणि मच्छीमाराच्या उपयोगाच्या विद्या आहेत.

पालकांनी शेजारच्या मुलाशी तुलना टाळावी आणि वर्षाचा खर्च आधीच मोकळेपणाने मुलांसमोर मांडावा. आजारी जनावरापुढे उभ्या राहिलेल्या पशुवैद्यकाला रोग ओळखल्यावाचून औषध देता येत नाही. पशुवैद्यक होऊ इच्छिणाऱ्याने हाच नियम आधी स्वतःच्या अपयशाला लावावा. निदान अचूक झाले, तर पुन्हा दिलेले वर्ष सत्कारणी लागण्याची आशा धरता येते.