मृत्युपत्रासाठी वकील कसा निवडाल?
बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही. त्यामुळे मृत्युपत्रासाठी वकील शोधायचा तो विचारपूस करूनच. तालुक्याच्या न्यायालयात वकील संघ असतो, तिथे चौकशी करा. महिलांना उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा समितीकडून मोफत कायदेशीर मदत मिळते, हे फार जणींना ठाऊक नसतं.

फौजदारी खटले गाजवणारा वकील या कामाला योग्य असेलच असं नाही. वारसाहक्काची कामं नेहमी करणारा पाहा. पहिल्याच भेटीत फी विचारा, संकोच कशाला? सातबारा, मिळकत पत्रिका न बघताच मसुदा करून देणारा असेल, तर सरळ उठून या. वडिलोपार्जित काय, स्वकष्टार्जित काय, हे चांगला वकील आधी विचारतो. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. साक्षीदार शक्यतो लाभार्थी नसावेत.

आणि गोव्यात घर असेल, तर तिथलाच वकील गाठा. तिथल्या वारसा कायद्यात मुलाबाळांसाठी निम्मा वाटा राखीव असतो. इथल्या सवयीने केलेला मसुदा तिथे अडकू शकतो.